आधी उतारा, मग घर : खानदेशात पहिलं घर घेताना

पारोळ्याकडचं एक शिक्षक जोडपं माझ्याकडे आलं होतं. दोघांनाही नोकरी, मुलगी सातवीत, नऊ वर्षं भाड्याच्या घरात काढलेली. पिंप्राळ्याकडचं एक रो हाऊस दाखवलं. मॅडमनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवला आणि सरांकडे पाहिलं, तेव्हाच मला कळलं की यांच्या मनात घर बसलं. सर म्हणाले, "भाऊ, आजच टोकन देऊन टाकू का?" मी म्हटलं, "सर, चेकबुक पिशवीतच राहू द्या. आधी उतारा पाहू."

उताऱ्यावर दोघा भावांची नावं होती. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, वडील वारलेले. फेरफार म्हणजे मालकी बदलाची नोंद काढली, शेजारच्या आजींशी दोन शब्द बोललो, तेव्हा कळलं की दोन बहिणीही आहेत, लग्न होऊन सुरतला दिलेल्या. वारस नोंदीच्या अर्जात त्यांची नावंच टाकलेली नव्हती. भाऊ म्हणाले, "बहिणी काही बोलणार नाहीत." मी म्हटलं, "मग सहीला येतील ना?" त्यावर दोघं गप्प बसले. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच असतो. उद्या भाच्यांनी दावा लावला असता तर कोर्टाच्या पायऱ्या सरांना चढाव्या लागल्या असत्या. व्यवहार अडीच महिने थांबला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आल्या, चारही भावंडांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या केल्या आणि बहिणींचे पैसे चेकने त्यांच्या खात्यात गेले. या अडीच महिन्यांत सरांनी मला चार वेळा विचारलं, की भाऊ, घर हातचं जाईल का. चारही वेळा मी म्हटलं, गेलं तर जाऊ द्या.

मी अठरा वर्षं जळगावात या धंद्यात आहे. धुळे, भुसावळ, नंदुरबारकडचेही व्यवहार केले. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला चांगल्या एजंटने कसं न्यावं, कुठल्या क्रमाने न्यावं, ते इथे लिहितो. तुमचा एजंट असं नेत नसेल तर याच क्रमाने तुम्ही त्याला न्या.

पहिलं पाऊल : एजंट कोणाचा, ते विचारा

बिल्डर आणि एजंट यांच्यावर देखरेख ठेवणारा रेरा कायदा २०१६ चा. तो राबवणाऱ्या महारेरा या प्राधिकरणाचं काम महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून सुरू झालं. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकायला मदत करणाऱ्या एजंटकडे स्वतःचा नोंदणी क्रमांक असावाच लागतो, आणि जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. एजंटचा क्रमांक ए या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा पी ने. महारेराच्या संकेतस्थळावर दोन्ही तपासता येतात. जुन्या घरांच्या फेरविक्रीत एजंटला ही सक्ती नाही. त्यामुळे तिथे माणूस पारखण्याचं काम तुमच्यावरच येतं.

पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारा. "तुमची दलाली किती आणि कोणाकडून?" आणि "या बिल्डरकडून तुम्हाला वेगळं काही मिळतं का?" आमच्याकडे साधारण एक टक्का चालतो, काही ठिकाणी दोन. नव्या प्रकल्पात बिल्डर एजंटला पैसे देतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणजे तो एकाच इमारतीचं कौतुक का करतोय ते समजतं. दलाली कागदावर लिहून घ्या : किती, कधी द्यायची आणि व्यवहार मोडला तर काय. माझ्याकडे खरेदीखताची नोंदणी झाल्याशिवाय घेणाऱ्याकडून दलाली घेत नाही. टोकनच्या दिवशी दलाली मागणाऱ्याला नोंदणी होते की नाही याची काळजी उरत नाही.

आणखी एक ओळख सांगतो. तीन घरं दाखवल्यावर त्याला विचारा, "यातलं कोणतं तुम्ही घेणार नाही?" ज्याच्याकडे याचं उत्तर नसतं, त्याने घरं नीट पाहिलेली नसतात.

दुसरं पाऊल : घर पाहण्याआधी पैशाचा हिशेब

लोक उलटं करतात. आधी घर पाहतात, मन बसतं, मग हिशेब ताणून बसवतात. मी पहिल्या भेटीत एकही घर दाखवत नाही. वही उघडतो.

समजा जळगाव महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ३० लाखांचा फ्लॅट आहे. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभार धरून साधारण ६ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. जीएसटी चालू बांधकामावर लागतो. आपल्यासारख्या शहरांत घर ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत आणि ४५ लाखांच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. इथे ३० हजार धरा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, मिळालेल्या इमारतीत जीएसटी लागत नाही, हे कोणी आपणहून सांगत नाही. दलाली ३० हजार. इथपर्यंतच २ लाख ७० हजार झाले. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, मीटर, मेंटेनन्सची ठेव, खिडक्यांच्या जाळ्या, किचनची कपाटं, पंखे हे सगळं वेगळं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. प्रत्यक्षात बँका बहुतेकदा ८०-८५ वर थांबतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च साधारणपणे त्यात धरत नाहीत. म्हणजे ३० लाखांच्या घराला २४ लाख कर्ज मिळालं तरी तुमच्या खिशात ९ लाख हवेत. सहा लाख घेऊन निघालेला माणूस मधेच अडकतो आणि मग सोनं मोडायला सुभाष चौकात जातो. असे लोक मी पाहिलेत, म्हणून आधीच सांगतो.

हप्त्याचं सोपं गणित : ८.५ टक्के दर आणि २० वर्षं धरली तर दर लाखाला महिना ८६८ रुपये. २४ लाखांना सुमारे २० हजार ८३० रुपये, आणि २० वर्षांत बँकेला एकूण जवळपास ५० लाख जातात. हा आकडा ऐकून लोकांचा चेहरा उतरतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. बदलत्या दराच्या कर्जावर वैयक्तिक कर्जदाराला आधी पैसे भरल्याचा दंड नसतो. बोनस, केळीचे किंवा कपाशीचे आलेले पैसे, जे हाती येईल ते मुद्दलात भरायची सवय लावली तर हा आकडा चांगलाच खाली येतो.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायकोच्या एकत्र नावावर ती मिळत नाही. पण नवरा सहकर्जदार असून मालक नसेल तर त्याला कर्जाच्या व्याजावरची आयकरातली सूट घेता येत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून ठरवा. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये व्याज अनुदान आहे : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. पात्र असाल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, कमाल १ लाख ८० हजार, पाच हप्त्यांत. गावाकडे वडिलांच्या नावावर घर असेल तर पात्रता बँकेतच नीट विचारून घ्या, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

तिसरं पाऊल : कागद

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि इथेच घेणाऱ्याला सगळ्यात जास्त कंटाळा येतो.

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा काढता येतो, त्याला १५ रुपये लागतात. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक म्हणजे सिटी सर्व्हेचा उतारा असतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स पाहून समाधान मानू नका, त्याच दिवशीचा उतारा स्वतः काढा. उताऱ्यावर तीन जागा बघायच्या. मालकाचं नाव खरेदीखतातल्या नावाशी अक्षरशः जुळतं का. इतर हक्कात बँकेचा, सोसायटीचा बोजा आहे का. आणि भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २.

वर्ग २ म्हणजे शासनाने दिलेली, इनाम-वतनाची, सिलिंगची (कमाल धारणा कायद्यात वाटलेली) अशी जमीन. ती परवानगीशिवाय विकता येत नाही. वर्ग १ लिहिलेलं असेल तरी फेरफार मागे मागे वाचत जा. आधी वर्ग २ होती, मग बदलली, तर बदलाचा आदेश आणि त्यासाठी शासनाला भरलेल्या नजराण्याची पावती मागा.

नंदुरबार, शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर, आणि आपल्याकडे चोपडा, यावल, रावेरचा सातपुड्याकडचा भाग, इथे आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची आहे का? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे अशी जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. परवानगी नसेल तर व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. हा कायदा झाला तो लोकांच्या जमिनी कवडीमोलाने गेल्या म्हणून. तेव्हा "दुसऱ्याच्या नावाने करून घेऊ, मग बघू" असं सुचवणारा एजंट तुमचंही नुकसान करतो आणि त्या माणसाचंही. तिथून उठून या.

आता प्लॉटबद्दल. आपल्या भागात पहिलं घर म्हणजे अजूनही खूप जणांच्या मनात आधी प्लॉट, मग बांधकाम. शहराच्या कडेला शेतात चुन्याच्या रेघा मारून, चार खांब रोवून 'भव्य प्लॉट योजना' असा फलक लावलेला दिसतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे विकायला अनेक ठिकाणी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. मग नोंदणी होत नाही, म्हणून स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतात. नोटरीने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्रानेही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. "पुढे नियमित होईल" असं सांगतात. शासनाचे निर्णय वेळोवेळी येतात, खरं आहे, पण तुमच्या गटाचा, तुमच्या तुकड्याचा आदेश हातात पडेपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात राहू द्या.

नीट प्लॉट असेल तर त्याला बिनशेती आदेश किंवा सनद असते, नगररचना विभागाने मंजूर केलेला अभिन्यास म्हणजे लेआउट असतो आणि प्लॉटचा स्वतंत्र उतारा असतो. अभिन्यासाचा नकाशा हातात घेऊन जागेवर उभे राहा. नकाशात ९ मीटरचा रस्ता असेल तर टेपने मोजा. खुली जागा म्हणून दाखवलेल्या ठिकाणी कोणाचा गोठा, कोणाचं मंदिर, कोणाचं बांधकाम तर नाही ना, ते पाहा. भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत मागा. आमच्या एका ग्राहकाचा प्लॉट कागदावर ३० बाय ५० होता आणि जागेवर २७ बाय ५०. तीन फूट शेजारच्याच्या कंपाउंडमध्ये गेले होते. खरेदीआधी कळलं म्हणून भाव कमी झाला, नंतर कळलं असतं तर जन्माचं वैर झालं असतं. गिरणा, पांझरा किंवा कुठल्याही नाल्याकाठी जागा असेल तर पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फ्लॅट असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. पूर्ण करायची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, दावे आहेत का, किती फ्लॅट विकले गेले, सगळं तिथे दिसतं. घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे असतात. पण ध्यानात घ्या, ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही. जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांत जुना बंगला पाडून उभ्या राहिलेल्या छोट्या इमारती बऱ्याचदा यात बसतात. त्या वाईट असतात असं नाही. पण तिथे महारेराचं छत्र नसतं, म्हणून मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि जागामालक-बिल्डरमधला विकसन करारनामा यांच्या प्रती मागून घ्याव्या लागतात. मंजुरी तीन मजल्यांची आणि उभे चार, असंही पाहिलंय. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त का, याचं उत्तर नकाशात सापडतं.

शेवटी वकील. वकील तुमचा हवा. बिल्डरने सुचवलेला नको, मी सुचवलेलाही नको. मी तीन-चार नावं देतो आणि सांगतो, यांच्याबाहेरचा शोधला तरी चालेल. ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या सूची क्रमांक २ च्या (नोंदलेल्या दस्तांच्या यादीतल्या) नोंदींसह. फेरविक्रीच्या घराला स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा. "बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ" असं म्हणतात. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का ते पाहतो. तुमच्या शेजाऱ्याशी वाटेवरून वाद आहे की नाही, ते त्याच्या यादीत नसतं.

चौथं पाऊल : आता घर बघा, पण दुपारी चारला

एजंट सकाळी अकराला घर दाखवतो, कारण तेव्हा सगळंच छान दिसतं. मी मे महिन्यात दुपारी चारला नेतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो. वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेला बेडरूम असलेला फ्लॅट असेल तर आतल्या भिंतीवर तळहात ठेवा. चटका बसला तर रात्री दोनपर्यंत ती भिंत तापलेलीच राहणार, हे धरून चाला. असं घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण कूलरची जागा, गच्चीवर पांढरा थर, पश्चिमेच्या खिडकीला छज्जा, याचा खर्च भावात धरा.

मग जमीन. आपली जमीन काळी, कपाशीची. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर बांधलेल्या घराचा पाया मुरुमापर्यंत नेलेला नसेल तर घरही तिच्याबरोबर हलतं. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या भेगा, आपोआप बंद होणारं किंवा चौकटीत अडकणारं दार, जोत्यापासून सुटलेली फरशी, या खुणा शोधा. फेरविक्रीच्या घराला नुकताच रंग दिलेला असेल तर कपाटामागची आणि जिन्याखालची भिंत बघा, तिथे रंगारी घाई करतो. भेग बोटाने दाबून, नाणं घालून पाहायला लाजू नका. प्लॉट घेऊन बांधणार असाल तर इंजिनियरकडून खड्डा घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहून घ्या. पायाचा खर्च त्यावर ठरतो.

पाण्याचं एका म्हातारीने मला शिकवलं. धुळ्याला देवपुरात एक घर पाहायला मुलगा, सून आणि आई आलेले. मुलगा टाइल्स बघत होता. आई बाहेर जाऊन शेजारणीच्या ओट्यावर बसली आणि विचारलं, "बहिणी, पानी कितला दिनमा येस?" उत्तर ऐकून ती आत आली आणि पहिला प्रश्न टाकीचा केला. तेव्हापासून मी प्रत्येक ग्राहकाला शेजारी पाठवतो आणि स्वतः लांब उभा राहतो. माझ्यासमोर शेजारी खरं बोलत नाहीत.

हिशेब असा करा. माणशी रोज १३५ लिटर धरतात. चौघांचं कुटुंब आणि चार दिवसांआड नळ, तर २,१६० लिटर साठा हवा. त्याहून लहान जमिनीतली टाकी असेल तर उन्हाळ्यात टँकर लागणार. बोअर असेल तर तो एप्रिल-मेमध्ये चालतो का आणि एकट्याचा की सगळ्या इमारतीचा, हे विचारा. पाणी चाखून पाहा. नळाच्या तोटीवर पांढरा क्षार साचलेला दिसला तर गिझर आणि वॉशिंग मशीन लवकर जाणार.

क्षेत्रफळाची बोलणी कार्पेटवरच करा. कायद्यात कार्पेट म्हणजे आतलं वापरायचं क्षेत्र. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरत नाहीत. "१,००० फुटांचा फ्लॅट, ३२ लाख, म्हणजे ३,२०० चा भाव" असं सांगतात. कार्पेट ७२० निघालं तर खरा भाव ४,४४४ झाला. दोन इमारतींची तुलना याच आकड्यावर करा.

घर आवडलं तर आणखी एकदा या, रात्री साडेनऊला. रस्त्यावर दिवे आहेत का, गाड्या कुठे लागतात, खालच्या हॉलमध्ये लग्नाचा डीजे किती वाजेपर्यंत चालतो, ते रात्रीच कळतं.

पाचवं पाऊल : टोकन, इसार आणि रोख

"उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" हे वाक्य मी स्वतः अठरा वर्षांत वापरलं नाही, आणि ज्यांनी वापरलं त्यांचं दुसरं गिऱ्हाईक फारसं कधी आलेलं पाहिलं नाही. टोकन द्यायचंच तर छोटी रक्कम, चेकने किंवा बँकेतून, आणि पावतीवर स्पष्ट लिहून : कागदपत्रं सदोष निघाली किंवा कर्ज नामंजूर झालं तर इतक्या दिवसांत पूर्ण परत. एवढं वाक्य लिहून द्यायला जो तयार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका.

रेराखालच्या प्रकल्पात नोंदणीकृत साठेखताशिवाय, म्हणजे विक्रीच्या कराराशिवाय, बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी निम्मे द्या, करार नंतर करू" हे बेकायदा आहे. फेरविक्रीतही इसारपावतीवर लाखो रुपये देऊन बसू नका, साठेखत नोंदवा.

रोखीचं लोक कुजबुजत विचारतात, मी मोठ्याने उत्तर देतो. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, तेवढाच दंड लागू शकतो. पण दंड बाजूला ठेवा. ज्याने पाच लाख 'वरून' दिले त्याच्या कागदावर ते पाच लाख नाहीत. व्यवहार मोडला तर मागणार कशाच्या जोरावर? आणि कागदावर किंमत कमी दिसली की कर्जही कमी मिळतं. मुद्रांक शुल्कही फारसं वाचत नाही, कारण करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं, म्हणजे शासनाने ठरवलेलं मूल्य यांत जे जास्त असेल त्यावर शुल्क लागतं. ५० लाख किंवा त्यावरच्या घराला १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, ती विसरू नका.

सहावं पाऊल : मसुदा आणि नोंदणी

साठेखताचा मसुदा नोंदणीच्या आठ दिवस आधी घरी आणा आणि रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी मोठ्याने वाचा. ताब्याची तारीख, कार्पेट क्षेत्र, पार्किंगचा क्रमांक, टाइल्स-नळ-वायरिंगचा दर्जा, उशीर झाला तर व्याज. तोंडी कबूल केलेलं मसुद्यात नसेल तर ते मिळणार नाही असं समजा. "सोलर बसवून देऊ" हे माझ्या एका ग्राहकाला तीन वेळा सांगितलं गेलं होतं, करारात एकदाही नव्हतं.

नोंदणीच्या दिवशी आधार, पॅन, फोटो, ओळखणारे दोन साक्षीदार, ऑनलाइन भरलेल्या शुल्काचं चलन. निबंधक विचारतात, पैसे मिळाले का, सही तुमचीच का. अंगठे, फोटो होतात. संगणकावर नाव आणि चतुःसीमा दिसतात, त्या घाई न करता वाचा. नावातला काना राहिला तर नंतर चूक दुरुस्ती दस्त करावा लागतो.

सातवं पाऊल : ताबा आणि त्यानंतरचं

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नका. लोक गृहप्रवेशाचा मुहूर्त आधी काढतात आणि मग बिल्डर म्हणतो, राहायला या, कागद येईल. तो यायला वर्षं लागतात. ताब्याच्या दिवशी बादलीभर पाणी घेऊन बाथरूमच्या प्रत्येक कोपऱ्यात ओता, उतार जाळीकडे आहे का पाहा. प्रत्येक बटण दाबा. उणिवांची यादी लिहून बिल्डरची सही घ्या. ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यायची जबाबदारी रेरा कायद्याने त्याच्यावर आहे. पहिला पावसाळा संपला की गच्ची आणि खिडक्यांचे फोटो तारखेसह ठेवा.

मग तीन ठिकाणी नाव लावायचं : उताऱ्यावर, महापालिकेच्या घरपट्टीवर आणि महावितरणच्या मीटरवर. हे राहून जातं. दहा वर्षांनी घर विकताना मीटर जुन्या मालकाच्या नावाने आणि तो माणूस हयात नाही, अशी प्रकरणं माझ्या टेबलावर महिन्याला येतात. इमारत असेल तर सोसायटी किंवा अपार्टमेंटची नोंदणी आणि जमिनीचं हस्तांतरण यासाठी पहिल्या वर्षापासून शेजाऱ्यांना जमवा.

मूळ कागद बँकेत जातील. कोणकोणते कागद दिले, त्याची यादी बँकेच्या शिक्क्यासह घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. पारोळ्याच्या सरांनी ती यादी लॅमिनेट करून आणली होती. मी म्हटलं, लॅमिनेट नका करू, पुढे शिक्का तपासायला अडचण येते, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. आणि फाईल कुठल्या कपाटात आहे ते मुलीलाही दाखवून ठेवा. त्यांचं कर्ज फिटेल तेव्हा ती तिशी ओलांडलेली असेल.